झाडांमागची भेग

स्कीच्या तळाला चिकटवायच्या लांब पट्ट्या असतात, त्यांना स्किन्स म्हणतात. एका बाजूला गोंद, दुसऱ्या बाजूला एकाच दिशेला झुकलेले आखूड केस. या केसांमुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही, म्हणून जिथे तारेवरची लिफ्ट नाही अशा डोंगरावर आपल्या पायांनी चढून जाता येतं. वर पोचलं की पट्ट्या सोलून काढायच्या, घडी करायची आणि जॅकेटच्या आत, पोटाशी ठेवून खाली उतरायचं. सॅकमध्ये ठेवायच्या नाहीत. कडक थंडीत गोंद चिकटणं सोडून देतो आणि पुढच्या चढाला पट्टी सुटून स्कीच्या मागे शेपटीसारखी लोंबायला लागते. पोटाला सुरुवातीला ओलं, गार लागतं. मग त्याचंही काही वाटेनासं होतं.

अशा गोष्टी आता मला येतात. मोज्यांचे दोन जोड घातले तर पाय उलट जास्त गार पडतात, कारण बुटात रक्त फिरायला जागा उरत नाही. पाण्याच्या पिशवीची नळी प्रत्येक घोटानंतर फुंकून रिकामी करायची, नाहीतर ती गोठते. फोन आतल्या खिशात ठेवायचा. दुकानातले एनर्जी बार थंडीत दगड होतात, दुधात मळलेल्या दशम्या होत नाहीत. आठवडाभर कॅलिफोर्नियात सांता क्लाराच्या ऑफिसात बसणारी, शाळेत पी.टी.च्या तासाला कायम रांगेच्या शेवटी उभी राहणारी मुलगी हे सगळं शिकली, याचं मला अजूनही मधूनच नवल वाटतं. कोणाला सांगत नाही, पण वाटतं.

बोलणं मला जमत नाही अशातला भाग नाही. मी थांबते, एवढंच. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मला म्हणायचं असतं ते मी चॅटमध्ये टाइप करते, दोनदा वाचते, आणि पाठवायच्या आधी दुसरं कोणीतरी तेच बोलून मोकळं होतं. मला त्याचं फार दुःखही होत नाही. डोंगरात मात्र एकामागोमाग एक चालायचं असतं, दम राखायचा असतो, म्हणून तिथे कोणी फारसं बोलत नाही. मला हा खेळ आवडायचं पहिलं कारण तेच होतं.

दुसरं कारण काकू. त्या मला भेटल्या स्की भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या रांगेत. मी फोनवर आईला सांगत होते, "नाही गं, नाही पडत मी," आणि मागून खणखणीत आवाज आला, "काहून खोटं बोलतेस बेटा? न पडता शिकलंय का कोणी?" मी मागे पाहिलं तर माझ्या आईपेक्षा वयाने मोठी बाई, खांद्यावर स्की, डोळ्यांवर चढवलेला गॉगल, नाकाला पांढरं सनस्क्रीन. काकू मूळच्या नागपूरच्या. चाळिशी उलटल्यावर त्या स्की शिकल्या आणि लिफ्टच्या रांगांचा कंटाळा आला म्हणून बॅककंट्रीत, म्हणजे लिफ्टपलीकडच्या मोकळ्या डोंगरांत, जायला लागल्या. त्यांची मुलगी माझ्याच वयाची, इथेच जन्मलेली, फिजिओथेरपिस्ट आहे. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती इंग्रजीत देते. काका, म्हणजे काकूंचे यजमान, गुडघ्यामुळे स्की करत नाहीत. ते डोंगराच्या पायथ्याशी भाड्याने घेतलेल्या केबिनमध्ये बसून खिचडी करतात आणि आमची वाट पाहतात.

त्या दोघींनी मला सोबत घेतलं. बीकन कसा वापरायचा, प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून बघायची लांब काठी, कशी जोडायची, फावडं कसं मारायचं हे शिकायला त्यांनी मला कोर्सला पाठवलं आणि नंतर स्वतः पुन्हा शिकवलं. बीकन हे छातीवर बांधायचं छोटं यंत्र. बर्फाखाली कोणी गाडलं गेलं तर बाकीचे त्याच्या सिग्नलवरून शोधतात. काकूंच्या घराच्या मागच्या अंगणात त्यांनी तो ओल्या पाल्याच्या ढिगाखाली लपवला होता आणि मी तो शोधत असताना शेजारचे लोक कुंपणावरून बघत होते.

आमच्या तिघींचा एक नियम होता. कोणताही मोठा उतार उतरायच्या आधी थांबायचं आणि प्रत्येकीने मत सांगायचं. सगळ्यात नवीन जी असेल तिने आधी बोलायचं, सगळ्यात अनुभवी तिने शेवटी. म्हणजे मोठ्यांचं ऐकून नवी मान डोलावत नाही. आणि एक जरी नाही म्हणाली तरी सगळ्यांचं नाही. वाद नाही, मतदान नाही.

सगळ्यात नवीन मी. म्हणून आधी बोलायचं ते मीच. पहिल्या हिवाळ्यात मला ते उतरण्यापेक्षा अवघड जायचं. मी म्हणायचे, "काकू, तुम्हाला काय वाटतं?" काकू सॅकवर बसायच्या आणि थर्मास उघडायच्या. "मला चहा प्यावासा वाटतो. तुला काय वाटतं ते सांग." त्या खरंच चहा प्यायच्या, सावकाश, आणि वाऱ्यात आम्ही दोघी गारठत उभ्या. मग मी काहीतरी बोलायचे. बर्फ वर मऊ आहे, खाली घट्ट लागतो. सूर्य या बाजूला आल्याला वेळ झाला, वरचा थर ओला होईल. चुकलं तरी काकू चूक म्हणायच्या नाहीत, "अजून काय दिसतं?" एवढंच विचारायच्या. दुसऱ्या हिवाळ्यात मी थांबून बोलण्याऐवजी चढतानाच बघायला लागले. काठी किती आत जाते, झाडांच्या कोणत्या बाजूला बर्फ चिकटलाय, कड्याच्या ओठावर तो कुठे लोंबतोय. तोंडाने नाही तरी डोळ्यांनी मी पहिल्यापासून बरी होते.

मला जो दिवस सांगायचाय तो त्याच दुसऱ्या हिवाळ्यातला. मोठं वादळ येऊन गेलं होतं आणि त्यानंतर दोन दिवस नैऋत्येकडून सणसणीत वारा सुटला होता. इथल्या सिएरा डोंगररांगेतला बर्फ बहुतेक वेळा जड असतो, ओल्या सिमेंटसारखा, पण हे वादळ थंड होतं, त्यामुळे पडलेला बर्फ हलका होता. हलका बर्फ आणि वारा एकत्र आले की वारा डोंगराच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला नेऊन टाकतो. तिथे तो दाबून बसतो, लादीसारखा. दिसायला गुळगुळीत, सुंदर. खालचा थर सुटा, साखरेसारखा असेल तर ती लादी माणसाच्या वजनाने फुटते आणि आख्खी खाली सरकते. अ‍ॅव्हलांच म्हणतात ते हेच. सकाळी गाडीत काकूंच्या मुलीने त्या दिवसाचं अ‍ॅव्हलांचच्या धोक्याचं बुलेटिन वाचून दाखवलं होतं. वाऱ्याने भरलेल्या उतारांवर सांभाळून, असं त्यात होतं.

त्या वीकेंडला आमच्यासोबत पाहुणे होते. काकांचे कॉलेजचे मित्र, टेक्सासमधल्या प्लेनोहून आलेले. त्यांनाही मी काकाच म्हणत होते, म्हणून इथे प्लेनोचे काका म्हणते. ते आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त वर्षं स्की करत होते. दर हिवाळ्यात कोलोरॅडो, दोनदा गाइड घेऊन आल्प्स. केशरी जॅकेट, नवीन कोरी स्की, आणि एक गोष्ट संपायच्या आत दुसरी सुरू. मला ते आवडले होते, हेही सांगायला हवं. गाडीत त्यांनी मला विचारलं, "तू बोलत नाहीस की आम्ही बोलू देत नाही?"

"दोन्ही," काकू म्हणाल्या.

"मग आमच्या वहिनींबरोबर कशी निभावतेस?"

"काका, शी इज द क्वाएट वन बट शी क्लाइम्ब्ज लाइक अ गोट," काकूंची मुलगी म्हणाली, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले कारण मला हसू येत होतं.

पार्किंगमध्ये थंडी इतकी होती की बुटांचे बक्कल उघड्या हाताने लावताना बोटं धातूला चिकटत होती. आम्ही बीकन तपासले, एकेकाने पुढे चालत जायचं आणि दुसऱ्याने सिग्नल येतो का बघायचं, आणि चढायला सुरुवात केली. वाट धारेच्या नैऋत्य बाजूने, तुरळक झाडांमधून होती. त्या बाजूचा बर्फ वाऱ्याने उडवून नेला होता. उरला होता तो पातळ आणि टणक, स्कीखाली करकरणारा. मध्ये एकदा थांबून आम्ही स्किन्स काढून एक छोटा उतार उतरलो आणि पुन्हा चढायला त्या लावल्या, तेव्हा प्लेनोच्या काकांची एक स्किन चिकटेना. त्यांनी त्या सॅकच्या बाहेरच्या खिशात खोचल्या होत्या.

"नवीन आहेत हो, कालच उघडल्या!"

"गार झाल्यात," मी म्हणाले. गोंदावर बर्फाची पिठी बसली होती. ती मी प्लास्टिकच्या स्क्रेपरने काढली, स्किन माझ्या जॅकेटमध्ये घातली आणि आम्ही उभ्याउभ्या एकेक दशमी खाल्ली. स्किन ऊब धरेपर्यंत मी ओठ घट्ट मिटून होते, कारण पोट गार पडत होतं. मग स्कीला चिकटवून वरून रबरी पट्टा आवळला.

"काय मेकॅनिक आहे बघा," काका म्हणाले. "प्लेनोला ये, माझी गाडी पण बघ."

धारेवर पोचलो तेव्हा वारा पडला होता आणि ऊन निघालं होतं. पलीकडे, ईशान्येला, मोठं वाडग्यासारखं खोरं. त्यावर एकही खूण नाही. एवढा अखंड पांढरा उतार मी तोपर्यंत पाहिला नव्हता. सगळे गप्प झाले, प्लेनोचे काकाही.

आता मला जरा बाजूला जायचं होतं. सकाळपासून दोन कप चहा झाला होता आणि बायकांना या खेळात ही एक जास्तीची कसरत असते. मी कोणाला काही न बोलता धारेवरून थोडं पुढे गेले. पलीकडच्या बाजूला एक झाडांचा झुपका होता, त्याच्यामागे अगदी छोटा उतार, दोन माणसांच्या उंचीचाही नसेल. खोऱ्याच्या दिशेला तोंड करून असलेला. काम उरकलं, वर बर्फ ओढला, आणि परत फिरायला म्हणून मी स्की त्या छोट्या उतारावर टाकली.

धप्प.

आवाज कानांपेक्षा पायांना जास्त कळला. जड सामानाने भरलेलं कपाट जमिनीवर जरासं बसावं तसं. पायाखालचा बर्फ बोटभर खाली गेला आणि माझ्या स्कीच्या टोकापासून एक भेग निघाली. ती माझ्या डोळ्यांसमोर पळत पुढच्या झाडापर्यंत गेली. उतार छोटा होता, जायला जागा नव्हती, म्हणून काही सरकलं नाही. मी तिथेच उभी राहिले. मग काठी खोचून बघितली. वर घट्ट, मग एकदम पोकळ, काठी आपोआप आत.

मी परतले तेव्हा चर्चा सुरू झाली होती. सुरू कसली, संपत आली होती. काकूंनी नेहमीसारखं "हं, काय करायचं?" विचारलं असणार आणि मग पाहुण्यांकडे वळल्या असणार, कारण मी ऐकलं ते, "नाही नाही भाऊजी, तुम्ही पाहुणे, तुम्ही आधी सांगा."

"सांगायचं काय वहिनी? यासाठी तर प्लेनोहून आलोय. तिथे डोंगर म्हणून हायवेचा फ्लायओव्हर दाखवतात! एकदम परफेक्ट आहे."

"लुक्स अमेझिंग," मुलगी म्हणाली.

"मग चला," काकू म्हणाल्या. "भाऊजी, पहिली रेघ तुमची."

जेवणाच्या पंगतीत पाहुण्याला आधी वाढतात तसं झालं होतं. आमच्यात असं काही ठरलेलं नव्हतं, ते आपोआप झालं. आणि सगळ्यात अनुभवी माणूस आधी बोलल्यावर काकूंची मुलगी बोलली, तिच्यामागोमाग काकू. माझी पाळी आलीच नाही. काकूंच्या हे लक्षात आलं नव्हतं. त्या वाकून बुटांचे बक्कल आवळत होत्या. प्लेनोचे काका स्किन्स घडी करून, या वेळी नीट जॅकेटमध्ये घालत होते आणि माझ्याकडे बघून अंगठा दाखवत होते.

मला कोणी विचारलेलं नव्हतं. विचारलं नसताना एवढ्या मोठ्या माणसाला, आनंदात असलेल्या पाहुण्याला, मध्येच थांबवायचं. आणि कुठे बघितलं असं विचारलं तर कुठे गेले होते ते सांगायचं. हे दुसरं मला त्या क्षणी पहिल्याइतकंच जड वाटत होतं, यावर आता हसू येतं. काका धारेच्या काठाला दोन्ही स्की लावून उभे राहिले. काठ्या टेकल्या.

"थांबा," मी म्हणाले.

फार हळू निघालं. ते ऐकू गेलं नाही.

"काका, थांबा! उतरू नका."

आवाज माझाच होता, पण खोऱ्यातून परत आला तेव्हा मला ओळखू आला नाही. तिघांनी वळून बघितलं.

"काय झालं? स्किन विसरलो?"

"बर्फ बसला माझ्या पायाखाली. धप्पकन. भेग पण गेली, लांब. त्या झाडांमागे."

"झाडांमागे?" काकांनी तिकडे पाहिलं. "तिकडे कशाला गेली होतीस?"

मी हातमोजा सारखा केला. काकूंच्या मुलीला कळलं, तिने पटकन तोंडावर हात धरला. मग काकांनाही कळलं. "अच्छा अच्छा," ते म्हणाले आणि आकाशाकडे बघायला लागले. माझे कान तापले. पण आता सांगून झालं होतं, आणि याहून वाईट काही व्हायचं उरलं नव्हतं, त्यामुळे पुढचं सोपं गेलं.

"अगं, आपण सगळे याच डोंगरावरून चढून आलो ना," काका समजुतीने म्हणाले. "काही झालं का? आवाज तरी आला का?"

"आपण वाऱ्याच्या बाजूने आलो. तिकडचा बर्फ वाऱ्याने इकडे आणून टाकलाय. माझा उतार आणि हा उतार एकाच दिशेला आहेत. तो छोटा होता म्हणून सरकला नाही. हा सरकला तर खाली जायला भरपूर जागा आहे."

"मी असले पन्नास उतार उतरलोय, बेटा. तू एवढी चांगली चढतेस आणि घाबरतेस? बरं, मी जातो एकटा, काही झालं नाही की तुम्ही या."

"नाही," मी म्हणाले. "माझं नाही आहे."

काकूंच्या मुलीने आईकडे पाहिलं. "आई, शी सेड नो."

काकू सरळ उभ्या राहिल्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की कुठे काय राहून गेलं ते त्यांना कळलंय. "मी हिला विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "भाऊजी, आमच्यात एक नाही म्हणजे सगळ्यांचं नाही."

"वहिनी, एकदा बघा तरी! मी बघून येतो ती भेग."

"तुम्ही नको!" काकूंची मुलगी आणि मी एकदम म्हणालो. ती स्वतःच गेली. वरच्या कडेनेच, झाडांना धरून. परत आली तेव्हा तिचं हसू गेलं होतं. "इट्स रिअल," ती म्हणाली. "आय कॅन पुट माय हँड इन इट." मग माझ्याजवळून जाताना हळूच, "यू कव्हर्ड एव्हरीथिंग, डोन्ट वरी."

आम्ही खोऱ्यात न उतरता धारेच्या खांद्यावरून, कमी उताराच्या जंगलातून उतरलो. काकू म्हणाल्या, "तू पुढे हो." मी पुढे झाले. स्कीइंग म्हणून ते अगदीच रद्दी होतं. कवच धरलेला बर्फ, मध्येच मोडणारा, मध्येच काचेसारखा, दोन वळणं झाली की समोर झाड. प्लेनोचे काका तीनदा पडले. शेवटच्या वेळी पडल्यापडल्या म्हणाले, "याच्यापेक्षा आमचा फ्लायओव्हर बरा!" कोणी हसलं नाही, मग ते स्वतःच हसले. मी मात्र वाट शोधत होते. कुठे उतार वाढतोय, कुठून वरच्या भरलेल्या भागाखाली आपण येऊ शकतो, कुठे थांबलं तर चौघं एकमेकांना दिसू. मागे तीन माणसं माझ्या खुणेवरून येत होती, आणि त्यांतल्या दोघांचं वय निदान माझ्या आईवडिलांएवढं होतं. इतकी जागी मी क्वचितच कधी असते.

खाली मोकळ्या माळावर आलो आणि सॅक उतरवल्या. तिथून आख्खं खोरं दिसत होतं. आम्ही चहा ओतत होतो तेवढ्यात धारेवर दोन ठिपके दिसले. अनोळखी दोघं, पलीकडच्या बाजूने चढून आलेले. थोडा वेळ उभे राहिले. मग पहिला सुटला.

मी कप हातात धरून बघत होते. मला ते सरकायला नको होतं, हे मी खरं सांगते. मी मनात म्हणत होते, धरून ठेव, धरून ठेव. बर्फाने धरून ठेवलं. पहिल्याने वळणावर वळण घेत एक लांबच लांब रेघ मारली, दुसऱ्याने तिच्या शेजारी दुसरी. खाली पोचल्यावर त्यांनी मारलेल्या आरोळ्या आम्हाला ऐकू आल्या. दोन रेघा उन्हात चमकत होत्या. मी आजवर बघितलेल्या सगळ्यात सुंदर रेघा.

"बघ," प्लेनोचे काका म्हणाले. रागाने नाही. एखादी चांगली थाळी समोरून परत गेल्यावर माणूस बोलतो तसं.

काकू मला सावरून घेतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी फक्त माझ्या कपात अजून चहा ओतला. मुलगी जमिनीकडे बघत होती. मी लाज येण्याची वाट बघितली. मला ती चांगली ओळखीची आहे. मानेपासून सुरू होते, मग कान, मग मी स्वतःच्या मनात दिवसभराचं बोललेलं सगळं पुन्हा ऐकते आणि एकेक शब्द खोडते. या वेळी मी वाट बघितली आणि ती आली नाही. ते दोघं बरे उतरले होते, त्याचा मला आनंद होता. आणि भेग होती. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नव्हत्या. तो उतार त्या दुपारी टिकला. माझ्याकडे होतं तेवढ्यावरून, आधी, तो टिकेल असं मी म्हणू शकत नव्हते, कोणीच म्हणू शकत नव्हतं. पुन्हा त्याच जागी उभी असते तर तेच म्हणाले असते, फक्त पहिल्यांदाच मोठ्याने.

मला शाळेत बक्षिसं मिळाली आहेत, चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, इथे नोकरी मिळाली. त्या प्रत्येक वेळी कोणीतरी दुसऱ्याने कागदावर लिहून दिलं होतं की मी बरोबर आहे. इथे कोणी काही लिहून दिलं नव्हतं. समोरच्या डोंगराने तर उलटच दाखवलं होतं. तरी मी ताठ बसले होते, पायांत गोळे आलेले, नाक वाहत, आणि चहा फार चांगला लागत होता.

केबिनवर काकांनी खिचडी, पापड आणि कढी तयार ठेवली होती. ओले बूट शेकोटीसमोर रांगेत लावले, स्किन्स दोरीवर वाळत टाकल्या आणि आम्ही लवकरच जेवायला बसलो. प्लेनोच्या काकांनी मित्राला दिवसाची गोष्ट सांगायला घेतली. त्यांना गोष्ट सांगता येते. स्वतःचं पडणं त्यांनी इतकं रंगवलं की काकांना ठसका लागला. मग ते धारेवर आले. "आणि मी आता सुटणार, तेवढ्यात ही आमची मुकी बाहुली ओरडते, थांबा! कशासाठी, तर हिला कुठेतरी बर्फावर रेघेसारखं काहीतरी दिसलं. आणि नंतर तिथूनच दोघं आरामात उतरले!"

सगळे हसले. मीही हसले असते. मोठी माणसं गोष्ट सांगत असताना ती दुरुस्त करायची नसते, हे मला कोणी शिकवलेलं नाही, पण मला ते माहीत आहे.

"रेघेसारखं नाही, काका," मी म्हणाले. "भेग होती. हात आत जाईल एवढी. आणि बर्फ बसल्याचा आवाज आला होता."

कढीचा डाव काकांच्या हातात तसाच राहिला.

"आणि नंतर दोघं उतरले म्हणतो हा, त्यांचं काय?" काकांनी मला विचारलं.

"ते उतरले. फार छान उतरले."

प्लेनोच्या काकांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग पापडाचा तुकडा मोडला. "भेग होती," ते मित्राला म्हणाले. "हात जाईल एवढी. मी नाही बघितली, मला जाऊ दिलं नाही." आणि गोष्ट तिथून पुढे सुरू केली.

जेवण संपत आलं तेव्हा त्यांनीच विषय काढला. "मग उद्या? कुठे जायचं? का उद्या पण जंगलात आपटायचं?" हे त्यांनी वहिनींना विचारायला हवं होतं, बेत नेहमी त्या करतात. पण ते माझ्याकडे बघत होते. काकूंनी कढी वाढून घेतली.

"आत्ता नाही सांगता येणार," मी म्हणाले. "सकाळी वारा बघते, बुलेटिन वाचते, मग सांगते."

"बरं," ते म्हणाले. मी खिचडीवर अजून थोडं तूप घेतलं.